अननसाशी केलेली घासाघीस

माझ्या अंगावर बुरशी असते, हे मला पहिल्यांदा एका विद्वान माणसानं सांगितलं. भर दुपारी, माजिवड्याला, चार माणसांसमोर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कळव्याला राहायचो आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या विकायचो. हॉटेलांतून, कॅन्टीनमधून, भंगारवाल्यांकडून जॅमच्या, लोणच्याच्या बाटल्या उचलायच्या, सोड्याच्या पाण्यात उकळून लेबलं काढायची आणि ज्याला हव्यात त्याला द्यायच्या. माजिवड्याला एका डॉक्टरांची प्रयोगशाळा होती. डॉक्टर म्हणजे इंजेक्शनवाले नव्हेत, वनस्पतिशास्त्राचे. त्यांना रुंद तोंडाच्या जॅमच्या बाटल्या शेकड्यांनी लागायच्या. एवढ्या बाटल्यांचं हा माणूस करतो काय, म्हणून एकदा माल उतरवून मी आतल्या दाराशी गेलो, तर सर धावत आले.

"आत नका येऊ! तुमच्या अंगावर, कपड्यांवर बुरशी असते."

बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते, सरांच्याही होती, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मला एवढंच ऐकू आलं की मी शिळी भाकरी आहे. हमाल हसले. मी काचेतून आत पाहिलं. ओळीनं माझ्याच बाटल्या ठेवलेल्या. प्रत्येकीच्या तळाशी दोन बोटं जेली आणि त्या जेलीत उभं केळीचं इवलंसं रोप. ना माती, ना शेण, ना ऊन. वर ट्यूबलाइट.

"एका झाडाची किती होतात?" मी विचारलं.

"मोजायचं सोडून द्या," सर म्हणाले.

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं असावं. पण मी आयुष्यात मोजायचं कधीच सोडलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की असली प्रयोगशाळा आपण काढायची, आणि सर आले तर त्यांना बाहेर उभं करायचं. माणसं ध्येयानं पेटून उठतात म्हणे. मी अपमानानं उठलो. पुढची काही वर्षं तो अपमान मी लोणच्यासारखा मुरवला.

नव्वदच्या आसपास डोंबिवली पूर्वेला मी एक गाळा घेतला. तिथे आधी मसाल्याचा कारखाना होता. मालक गाळ्याला रंग देऊन देतो म्हणत होता. मी म्हटलं रंग नको, तेवढं कमी करा. तो माझा पहिला शहाणपणा. भिंतींतून पुढची दोन वर्षं मिरचीचा आणि हळदीचा वास येत होता आणि त्या वासाबरोबर जी काय बुरशी नांदत होती तिला माजिवड्याच्या सरांनीही हात जोडले असते.

झाडांचं काम बघायला मी एक मुलगी ठेवली. डोंबिवलीतच राहणारी, एम.एस्सी. झालेली, एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलेली. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मी तिला मॅडम म्हणायचो. ती मला शेठ म्हणायची. त्या शेठमध्ये आदर किती आणि थट्टा किती, हे मी तीस वर्षं भाव करून पाहिलं, पत्ता लागला नाही.

मॅडमनं पहिल्याच आठवड्यात मला आतल्या खोलीतून हद्दपार केलं. बाटल्या उघडून रोपं कापायची, वेगळी करायची आणि नव्या जेलीत लावायची, ते काम त्या खोलीत चालायचं. मी दर तासाला डोकावत होतो आणि मी डोकावलो की चार दिवसांनी बाटल्यांत काळा-हिरवा कापूस उगवत होता. तिनं तारखा लिहून ठेवल्या होत्या. वही माझ्यासमोर धरली.

"शेठ, तुम्ही आत आलात ते दिवस आणि बाटल्या खराब झाल्या ते दिवस. बघा."

म्हणजे सर खरं बोलले होते. तेव्हापासून मला त्यांचा जास्तच राग येऊ लागला.

मग मला काम मिळालं बाहेरच्या खोलीत, जेली शिजवायचं. बायको घरी हसायची, कारण घरात मी कधी चहा ठेवला नव्हता. पण जेली मी छान शिजवायचो. पाणी, साखर, क्षार, समुद्री शेवाळाची ती आगर पूड, आणि शेवटी हार्मोन. दोन तपकिरी बाटल्या फ्रिजमध्ये असत. मॅडमनं माझ्यासाठी त्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या होत्या: एकीवर 'फुटवे', दुसरीवर 'मुळं'. फुटव्यांचं औषध घातलं की रोपाच्या बुडाशी नवी रोपं फुटायची. मुळांचं घातलं की ती फुटायची थांबून मुळं सोडायची. लिटरभर जेलीला फुटव्यांचं औषध दोन मिली. बस. चमचाभरसुद्धा नाही. फुटव्यांच्या औषधाची पूड यायची एका ग्रॅमच्या चिमुकल्या कुपीत. ती मिलीला एक मिलिग्रॅम अशी तोलून विरघळवायलाही मॅडमनं मला शिकवलं. तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता, हे मला आता लिहितानाच लक्षात येतंय. तेव्हा मला वाटलं होतं, कामचुकार आहे.

केळी सगळेच करत होते. मी अननस घेतला. अननसाचं एक झाड जन्मभरात दोन-चार पिल्लं देतं आणि मरतं. म्हणजे रोपांचा कायम तुटवडा. शिवाय आमच्याकडे जे अननस निघणार होते त्यांच्या पानांना काटे नसतात, फक्त टोकाला थोडेसे. गावठी अननसाच्या पानाला दोन्ही कडांनी करवत असते. शेतात शिरलं की पिंढऱ्या सोलून निघतात. बिनकाट्याचा अननस, हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले ते माझ्या ताईसमोर.

ताई आंबिवलीला दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, म्हणजे मला बदडण्याचा पहिला हक्क तिचा. दाजी लवकर गेले. मागे राहिलं एक घर आणि स्टेशनापासून वीस मिनिटांवरचं दहा गुंठ्यांचं शेत. तिच्या दिराला ते वीटभट्टीला द्यायचं होतं. भट्टीवाला येऊन माती चाखल्यासारखी बोटांत चुरून बघून गेला होता. आजूबाजूच्या दोन शेतांचं काय झालं ते ताईनं पाहिलं होतं. भट्टी आधी माती खाते, मग राहतो खड्डा, त्यात पावसाचं पाणी आणि म्हशी.

"जमीन गेली की मी काय, खड्ड्याकाठी बसू?" ताई म्हणाली. "पण दीर म्हणतो, वहिनी, नुसतं गवत राखून काय उपयोग. त्याचंही खरं आहे."

"अननस लाव," मी म्हटलं. "मी देतो रोपं. एकदा लावलीस की तीन वर्षं बघायला नको."

"मला काट्यात काम नाही व्हायचं रे. खुरपायला मी एकटी."

"अगं, बिनकाट्याचा! पानावरून हात फिरव, रेशीम."

दीर भला माणूस होता. तो म्हणाला, लावल्यापासून दोन वर्षं थांबतो. पीक आलं तर तुमचं तुम्ही बघा, नाही आलं तर भट्टी. ताईनं माझ्याकडे पाहून मान डोलावली.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी डॉक्टरकडे गेलो तर पाच दिवसांच्या गोळ्या तीन दिवसांत बसतील का ते विचारतो. न्हाव्याला म्हणतो, मागचं राहू दे, बाजूचंच काप, अर्धे घे. समोरच्यानं पहिला आकडा सांगितला की तो खरा नाही, हे माझ्या रक्तात आहे. आणि इथे एक झाड मला दर महिन्याला सांगत होतं, दोन मिलीला मी पाच फुटवे देणार. झाडानं पहिला भाव सांगितला होता आणि मॅडम तो निमूट मानत होती!

एका सकाळी मी जेलीत दोनऐवजी तीन मिली घातलं. मॅडमला बोललो नाही. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि नाही म्हणणाऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो.

महिन्याभरानं बाटलीत सात-आठ फुटवे. मी मनात म्हटलं, बघा, नुसतं बोलून बघावं लागतं. पुढच्या खेपेला चार. नंतर पाच. बाटल्यांत मेथीच्या जुड्या दिसू लागल्या. मी शेल्फांसमोर उभा राहून मिशीवरून हात फिरवायचो. माजिवड्याच्या सरांनी एकदा हे बघायला यायला हवं, असं वाटायचं. अर्थात बाहेरून.

मॅडम मात्र खूश नव्हती.

"शेठ, हे फुटवे दाटीनं आलेत, पण बारीक आहेत. काही काचेसारखे पारदर्शक झालेत. माझंच कुठेतरी चुकतंय."

"चांगलं चाललंय की. उगाच खोट काढता."

"गरम होतंय का खोलीत? पाण्यात काही असेल?"

तिनं पाणी बदललं. पंखे हलवले. बाटल्यांच्या झाकणांना भोकं पाडून कापूस लावला. दुपारचा डबा शेल्फांसमोर उभ्यानं खायला लागली. मी जेली ढवळत तिच्याकडे बघायचो आणि गप्प राहायचो. तिची कीव यायची, असं लिहायला मला आवडलं असतं. मला वाटायचं, शिकलेल्या माणसांना डोळ्यांसमोरचं यश दिसत नाही.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. अननसाच्या डोक्यावरच्या एकाच शेंड्यापासून पाच-सहा वेळाच रोपं वाढवायची, मग ती रोपं बंद करून बाजारातून चांगल्या फळाचा ताजा शेंडा आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, चालू दुकान बंद करून नवं दुकान टाकायचं? तीन-चार फेऱ्या जास्त मारून घेतल्या. ती भांडली, मी ओरडलो, एक बाटली आपटली. तिनं ती काच उचलली आणि म्हणाली, "ही पण तुमचीच." मग मारल्या फेऱ्या.

श्रावणात ताईच्या शेतात साडेतीन हजार रोपं लावली. मॅडमनं मुळं फुटलेली, त्यातल्या त्यात धडधाकट निवडून दिली होती. पुष्कळशी तर मुळंच धरेनात, ती मी गुपचूप फेकली. शेतात उरलेली हिरवीगार दिसत होती. ताईनं एका रोपावरून हात फिरवला.

"खरंच रे, रेशीम."

लहानपणी सगळीच रेशीम असतात.

होळी झाल्यावर ताई डोंबिवलीला आली. न कळवता. दारात चपला काढल्या आणि पायऱ्यांवरच बसली. उन्हाळ्याचे दिवस आणि अंगात लुगड्यावर दाजींचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. शेतात बायका घालतात तसा. तिनं बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, काही सुकलेले, काही ताजे, काही पिकलेले.

"रेशीम बघ," ती म्हणाली.

रोपं मोठी होताना पानांना काटे आले होते. सगळ्या नाही, पण चारांतल्या तिघांना. कुठे एका कडेला, कुठे दोन्ही कडांना, कुठे पान अर्धं पांढरं. खुरपणी होईना. गवत वर चढलं होतं, मजूर बायका एक दिवस येऊन दुसऱ्या दिवशी फिरकल्या नव्हत्या. दीर बांधावर येऊन बघून गेला होता.

"भट्टीवाला परत आलेला," ताई म्हणाली. "मी काय सांगू त्याला?"

मॅडम आतून बाहेर आली होती. तिनं ताईचा हात हातात घेऊन बघितला. आणि मी, ज्यानं बाजारात भल्याभल्यांचं खोटं तिथल्या तिथे पकडलंय, मी म्हणालो, "आता ते झाडांचं मॅडमकडे असतं. माझं काम नुसतं शिजवायचं. काय मॅडम, असं कसं झालं?"

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. ताईनं मॅडमकडे पाहिलं. मग आपला हात सोडवून घेतला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर जेलीची शेगडी बंद. टेबलावर एका कागदावर ती चिमुकली कुपी उभी, आणि मॅडम समोर बसलेली.

"शेठ, ही एका ग्रॅमची. आपण आठवड्याला दहा लिटर जेली करतो. लिटरला दोन मिलिग्रॅम. किती दिवस पुरायला हवी?"

हिशेबात मला कोणी हरवत नाही. "वर्षभर जवळजवळ."

"पाच महिन्यांत तळ दिसतोय. मी काल तोलली."

मी इकडेतिकडे पाहिलं. "सांडली असेल."

"अर्धा ग्रॅम सांडला असता तर हा गाळा अजून फुटवे देत बसला असता."

मी रागावलो. चूक सापडली की मला नेहमीच राग येतो, आणि तो ती पकडणाऱ्यावर येतो. मी म्हणालो की लॅब माझी आहे, गाळा माझा आहे, औषध माझं आहे आणि झाडसुद्धा माझंच आहे. त्याच्याकडून दोन फुटवे जास्त मागितले तर कोणाच्या बापाचं काय गेलं?

ती शांतपणे म्हणाली, "झाडाला आपण नुसता इशारा करतो, शेठ. नको तितक्या जोरात ओरडलं की ते घाबरून काहीही देतं. त्याची मूळची ओळख विसरतं. काटे नसणं ही ह्या वाणाची नवी सवय आहे. ती आधी जाते. काही वेळा नीट केलं तरी जाते, म्हणून तर मी फेऱ्या कमी ठेवा म्हणत होते. मी सहा महिने स्वतःला दोष दिला." मग थोडं थांबून, "ताईंना तुम्ही सांगणार की मी?"

"दोघं मिळून सांगू," मी म्हटलं. "तुमचंही लक्ष हवं होतं. अर्धं तुमचं, अर्धं माझं."

"नाही."

"बरं, पाव तुमचं."

"शेठ, तुम्ही सांगेपर्यंत मी शेल्फाला हात लावणार नाही."

आणि ती आतल्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून वाचत बसली. वेळेवर कामाला यायची, वेळेवर जायची, मध्ये वाचायची. शेल्फावर बाटल्यांतली झाडं वाट बघत होती. त्यांची जेली संपत आलेली. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी आइस्क्रीम मागवलं. तिनं खाल्लं आणि पान उलटलं. तिसऱ्या दिवशी मी आंबिवलीला निघालो.

गाडीत बसताना सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. ठाकुर्लीला वाटलं, पाच मिलीचा आकडा कशाला सांगायचा, ताईला मिली काय कळणार. कल्याणला गाडी बराच वेळ थांबली, तेवढ्यात मॅडमला न विचारता केलं हा भाग गळला. शहाडला ठरवलं, औषध जरा जास्त पडलं एवढं पुरे. आंबिवलीला उतरलो तेव्हा माझ्याकडे 'चूक झाली' एवढे दोनच शब्द उरले होते, आणि तेही कोणाची ते न सांगता.

ताई शेताच्या पहिल्याच ओळीत बसून खुरपत होती. हातांना गोणपाटाच्या चिंध्या बांधलेल्या. मागे आख्खं शेत होतं. एवढ्या दिवसांत तिच्या दोन ओळी झाल्या होत्या.

"ताई, ते औषध जरा जास्त पडलं."

"त्या पोरीच्या हातून?"

मी चपलेनं एक ढेकूळ फोडलं.

"पडलं की पाडलंस?" ताईनं वर न बघता विचारलं.

लहानपणी दुधाच्या पातेल्याबद्दल तिनं मला असंच विचारलं असेल, मला आठवत नाही. पण माझे कान तेव्हासारखेच तापले. मी ओरडायला लागलो. कबुली देताना माणसं मान खाली घालतात, आवाज बारीक करतात. मी बांधावर उभा राहून, हात नाचवत, जणू कोणीतरी मलाच फसवलंय अशा थाटात सगळं सांगितलं. हो, मी पाडलं! दोनाचे तीन केले, तिनाचे पाच केले! तिला नाही विचारलं! तुझ्यासमोर खोटं बोललो! काय करायचं ते कर! शेजारच्या शेतातल्या दोन बायका काम थांबवून बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "कोनाशी भांडतोय गो?"

ताईनं खुरपं मातीत रोवलं.

"झालं ओरडून?"

"झालं."

"मग बस इथं. ही ओळ तुझी."

"अगं, आज? मी चांगल्या कपड्यांत..."

"आज, आणि दर रविवारी. फळ निघेपर्यंत."

"एकाआड एक रविवार," मी म्हटलं. खरंच म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

ताईनं खुरपं उपटून माझ्या हातात दिलं. मी पँट वर दुमडली आणि बसलो. पहिलाच काटा अंगठ्यात गेला.

तिनं दुसरंही करायला लावलं. पुढच्या सोमवारी ती माझ्याबरोबर डोंबिवलीला आली, मॅडमच्या हातावर घरची, तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं ठेवली आणि म्हणाली, "बाय, माझ्या भावानं तुझ्यावर ढकललं, मी ऐकून घेतलं. माझं चुकलं." माझी चूक, आणि माफी तिनं मागितली. मी मध्ये उभा. मॅडम म्हणाली, "ताई, बसा ना." मला कोणी बस म्हणालं नाही.

मग वर्षाहून जास्त काळ दर रविवार. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ माल उतरवला, डोक्यावरून गोण्या वाहिल्या, पण बसून बसून मी एवढा कधी दमलो नाही. लाल मुंग्या, ऊन, आणि कुठूनही हात घातला तरी माझीच करणी मला टोचणार. ताईचा वेग माझ्या दुप्पट होता. माझी ओळ मागे राहिली की ती मान वळवून म्हणायची, "शेठ, झालं का?" हा शब्द तिला कोणी शिकवला ते मला ठाऊक होतं.

अननस आपल्या मर्जीनं फुलले असते तर कोणी आज, कोणी सहा महिन्यांनी, आणि दिराची दोन वर्षं संपली असती. म्हणून मॅडम आंबिवलीला आली. फूल धरायचंही एक औषध असतं, पाण्यात मिसळून झाडाच्या मध्यावर, पानांच्या पेल्यात ओतायचं. तेही हार्मोनच. मी डबा धरायला हात पुढे केला.

"तुम्ही पाणी आणा, शेठ," मॅडम म्हणाली.

"मी मोजून घालीन."

"पाणी आणा," ताई म्हणाली.

दोघी एका ओळीतून निघाल्या, लुगड्यावर दाजींचा शर्ट आणि पंजाबी ड्रेसवर दाजींचाच दुसरा शर्ट. मॅडम मापून द्यायची, ताई ओतायची. मी विहिरीवरून कळश्या वाहिल्या. दीड महिन्यानं झाडांच्या मध्यातून लाल गोंडे वर आले. सगळे एकदम. मी त्या रविवारी खुरपायला बसलोच नाही, नुसता हिंडलो. 

फळं लहानमोठी निघाली. काहींना डोक्यावर दोन-दोन, तीन-तीन शेंडे, रावणासारखे. पण गोड होती आणि पुष्कळ होती. दीर स्वतः पाट्या उचलायला आला. काट्यांतून वाट काढताना त्याचं धोतर दोनदा फाटलं. तो म्हणाला, "वहिनी, वीटभट्टीपेक्षा हे वाईट," आणि हसला. भट्टीवाल्याला त्यानंच 'नाही' म्हणून कळवलं.

टेम्पो कल्याणच्या बाजारात गेला. व्यापाऱ्यानं एक रावण उचलून उलटासुलटा केला, नाक मुरडलं आणि आकडा सांगितला. माझं रक्त उसळलं. ह्यासाठी तर मी जन्माला आलोय. मी बाह्या सरसावल्या.

"तू गप बस," ताई म्हणाली.

तिनं त्याच रावणाची एक फोड कापून व्यापाऱ्याच्या हातावर ठेवली. त्यानं खाल्ली. ती सुरी पुसत राहिली. त्यानं बोटं चाटली आणि स्वतःच आकडा वाढवला. ताईनं मान हलवली. झालं. मी उभाच होतो, तोंड उघडं. अजून दोनदा तरी वाढला असता तो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

परतताना रिकाम्या पाट्यांवर बसून ताई म्हणाली, "चारांतलं एक झाड बिनकाट्याचं आहे की नाही? त्यांना खूण करून ठेवलीय त्या पोरीनं. पुढची लावणी त्यांच्या शेंड्यांची. तिच्याकडूनच घेणार मी रोपं."

"तिच्याकडून? अगं, लॅब माझी आहे!"

"असेल. रोपं तिच्याकडून घेणार. तुझ्याकडून नाही."

शहाडपर्यंत मी रिकाम्या पाट्या मोजल्या. मग म्हटलं, "बरं. पण जेली मीच शिजवणार."

"ते तिला विचार," ताई म्हणाली.

विचारलं. औषधांच्या फ्रिजची किल्ली मॅडमनं आपल्याकडे ठेवली, आणि जेलीत औषध घालायच्या वेळी मी बाहेर उभं राहायचं, असं ठरलं. ह्यावर मी बराच भाव केला. शेवटी एवढं पदरात पडलं की मी काचेतून बघायला हरकत नाही.